मेलेले : शून्य

११ फेब्रुवारी

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवर केला तर नाव बघून तो तिच्या हातात देतोस आणि बाहेर जातोस, हे तिनेच सांगितलं. म्हणून कागद. कागद तू फाडशील, पण न वाचता फाडणार नाहीस. लिहिलेलं न वाचता टाकू नये हे मला शिकवणारा तूच.

सुरुवातीला तब्येतीची चौकशी वगैरे लिहिली होती, ती खोडली. कामाचं आधी सांगते, कारण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

मी मत्स्य खात्याला दुरुस्तीचं पत्र देणार आहे. मागचे दोन हंगाम मी तुझ्या बोटीवर खात्याची निरीक्षक म्हणून होते. रोज एक फॉर्म भरायचे. जाळं किती वाजता टाकलं, किती खोल, काय काय आलं, आणि शेवटी एक रकाना : जाळ्यात सापडून मेलेले डॉल्फिन. एकशे बारा फॉर्म झाले. एकशे बारा वेळा मी तिथे शून्य लिहिलं. खाली माझी सही आणि शेजारी कप्तान म्हणून तुझी. शून्य नव्हते, दादा. पाच होते.

२० मार्चला खात्यात सुनावणी आहे. पिल्लं होण्याच्या चार महिन्यांत खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायला बंदी घालायची की नाही ते तिथे ठरणार आहे. ज्या डॉक्टरबाईंकडे मी आठ महिन्यांपासून कामाला आहे, त्या किनाऱ्याला लागलेली मढी तपासून सांगताहेत की हे जाळ्यात बुडून मेलेत. खातं म्हणतं, आमचा माणूस स्वतः बोटीवर होता, दोन हंगामांत एकही मेला नाही. तो माणूस म्हणजे मी.

मी मुद्दाम खोटं लिहायला बसले नव्हते. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळलेली, शाळा खाडीपलीकडे, आणि मला एकटीला होडीत बसवायला तू तयार नव्हतास. मग चार वर्षं तूच माझी शाळा. पाढे टोपल्यांवर, भागाकार बर्फाच्या लाद्यांवर, बाराखडी भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर. आणि मोजण्याचा पहिला नियम असा : घरी येतं ते मोजायचं. परत पाण्यात जातं ते पाण्याचं, त्याला आकडा नाही. एकदा मी परत टाकलेली बारकी मासळी धरून बेरीज केली, तर तू पाटी ओल्या फडक्याने पुसलीस आणि म्हणालास, "गेलेलं मोजत बसलं की आलेलं चुकतं."

पहिला डॉल्फिन जाळ्यातून वर आला तेव्हा तुझ्या माणसांनी जाळं कापलं, त्याचं पोट चिरलं, म्हणजे तो फुगून तरंगणार नाही, आणि कडेवरून सोडून दिला. पाच मिनिटांचं काम. मी फॉर्म काढला आणि सवयीने लिहिलं, शून्य. तो घरी आला नव्हता.

तू माझ्याबरोबर सही करशील का? दोघांनी मिळून सांगितलं तर ती चूक ठरेल. मी एकटीने सांगितलं तर ती चुगली. आईला तरी ती चुगलीच वाटली असती.

तुझी,
बारकी


२७ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. तू माझं पत्र जेवतानाच वाचलंस, घडी करून ग्लासाखाली ठेवलंस आणि म्हणालास, "तिला सांग, शून्य तिच्या हाताने लिहिलंय. मी नुसती सही केली. सही करताना कोण वाचत बसतं?" वहिनी हे अशी भरभर बोलली, जसं गरम भांडं दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळं व्हावं. मग म्हणाली, "ताई, मला मध्ये नका घेऊ. मला दोन्हीकडून चटके बसतात."

खरं आहे. हात माझाच.

आणि मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाही. सवयीने लिहिलं म्हणाले, ते फक्त पहिल्या वेळेचं खरं आहे. कामावर घेताना खात्याने आम्हाला दोन दिवस शिकवलं होतं. मेलेल्या डॉल्फिनचं चित्र दाखवून शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, परत टाकला तरी लिहायचा. मी ते वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. ती वही आता पुढ्यात आहे. रेघा पट्टीने मारल्यात.

तिसरा आला तेव्हा मी तुला विचारलं होतं, "हा लिहू का?" आठवतं? तू सुकाणूवर होतास. मागे न बघताच म्हणालास, "घरी येतोय का तो? वहिनी त्याचं कालवण करणार आहे का?" सगळे हसले. मीही हसले, आणि लाजेकाजेने नाही, चांगली मोठ्याने. मग शून्य लिहिलं.

का, ते तुला माहीत आहे. दुसरा कुठलाच कप्तान मला बोटीवर घ्यायला तयार नव्हता. बाई चढली की जाळं कोरडं येतं, उलट्या करायला वेगळी बादली आणावी लागेल, काय काय ऐकलं मी धक्क्यावर. तू एकटा म्हणालास, "माझी बहीण आहे. समुद्राने तिला भ्यावं." त्या एका वाक्यावर मी दोन हंगाम उभी होते. पाच लिहिले असते तर वाक्य परत घेतलंस असतं. घेतलं नसतंसही कदाचित. मी बघायला थांबले नाही.

आता इथलं सांगते. डॉक्टरबाईंची शेड बर्फाच्या कारखान्यामागे आहे. त्या कमी बोलतात, आणि बोलल्या की समोरच्याला आपला अपमान झालाय असं वाटतं. त्या कापतात, मी वहीत लिहिते. पंधरा दिवसांपूर्वी एक मादी आली. तोंडाच्या टोकाला आणि परांच्या कडांना नायलॉनच्या बारीक रेघा. फुप्फुसांत फेस. मासा जाळ्यात अडकला तर पाण्यात श्वास घेत तासनतास राहतो. हिला आपल्यासारखी हवा लागते. हवा वर दोन-तीन वाव अंतरावर असते, आणि तिथवर जाता येत नाही. मग बाईंनी पोटाखाली दाबलं आणि दूध आलं. घट्ट, पांढरं. टेबलाच्या उतारावरून मोरीपर्यंत गेलं.

"लिही, दूध," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं नाही लगेच.

"ही आठ-दहा वर्षांची झाल्याशिवाय आई होत नाही," त्या हातमोजे न काढता सांगत होत्या. "पुढे तीन-चार वर्षांत एक पिल्लू. एकच. ते वर्ष-दीड वर्ष पितं. खाडीत पाठीचे पर मोजून आज बत्तीस आहेत. त्यात आई होण्याजोग्या दहा धर. निम्मी पिल्लं पहिल्याच वर्षी जातात. गणित येतं ना तुला? कर."

केलं. वर्षाला दीड पिल्लू जगतं. सहा बोटी आहेत. प्रत्येकीने दोन वर्षांत एक बुडवला तरी खाडी दर वर्षी मागे जाते. आपण दोन हंगामांत पाच.

त्या मादीचं पिल्लू खाडीच्या तोंडाशी तरंगत्या लाल बोयाभोवती फिरताना लोकांनी पाहिलं. बोयाच्या खालच्या बाजूला सारखं तोंड लावायचं म्हणे. नवव्या दिवशी तेही टेबलावर आलं. मी एकटीने उचललं, एवढंसं होतं. पोटात काही नव्हतं. मी तिथे "काही नाही" असं लिहिलं. आकडा लिहायला हात गेला नाही.

ती तुझ्या जाळ्यातली होती असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं आता लिहायचं नाही असं ठरवलंय.

परवा खात्यात जाऊन दुरुस्तीचं पत्र दिलं. हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर नेला. "शून्याचे पाच करायचेत?"

"हो."

"लोक पाचाचं शून्य करायला येतात, मॅडम. त्याला फॉर्म आहे. याला नाही." मग साधा कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "नोकरीचा विचार केलात ना?" अगदी मायेने विचारलं, छत्री आणलीत ना असं विचारावं तसं.

बारकी


१० मार्च

दादा,

परवा तू इथे शेडवर येऊन गेलास. तू स्वतः होतास, तरी लिहून ठेवते. एक तर तू अर्धा वेळ बाहेर होतास. दुसरं म्हणजे, असं काही झालंच नव्हतं म्हणायची आपल्या घराला सवय आहे.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष पुढे, तू मागे. त्यांना भोंगाकाका म्हणतात ते उगीच नाही. दारातूनच सुरू झाले, "डॉक्टरबाई, तुमच्या लाडक्यांना सांगा, जाळ्याला दार नसतं. जरा बघून पोहा म्हणावं."

"सांगितलं," बाई म्हणाल्या. "म्हणतात, बारीक नायलॉन दिसत नाही."

"आणि आमची पोरं चार महिने काय खारं पाणी पितील?"

"खाडीचं तोंड सोडून टाका जाळी. अख्खा समुद्र आहे."

"समुद्र आहे हो. समुद्रापर्यंत जाऊन यायचं कुणी? तुम्ही ढकलणार बोट?" मग माझ्याकडे वळले. "आणि ही आमची ताई. भावाच्या बोटीत बसून भावाच्याच बोटीला भोक पाडणारी."

तू तेव्हाच बाहेर गेलास. त्यापुढचं तू ऐकलं नाहीस. मी विचारलं, "काका, तुम्ही आणि बाबा एका बोटीवर होतात. जाळं कुठे टाकायचं ते तुम्हाला कोण सांगायचं?"

त्यांना कळलं मी काय म्हणतेय ते. डॉल्फिन मासळी रेटत वाळूच्या दांड्यापर्यंत आणायचे आणि बाबा त्यांच्या मागून बोट न्यायचे, हे तू मला शंभर वेळा सांगितलंयस. काका म्हणाले, "तेव्हा मासळी होती."

"तेव्हा तेही होते," बाई म्हणाल्या. "चौदा वर्षांपूर्वी मी पहिली मोजणी केली तेव्हा एकशेवीस होते."

काकांनी हात झटकले. "मोजा. मोजायचा पगार मिळतो तुम्हाला."

मी चहा घेऊन बाहेर आले. तू नळावर हात धूत होतास. आत तू कशालाही हात लावला नव्हतास, तरी साबण लावून धुतलेस. कप घेतला नाहीस. विचारलंस, "किती सांगणार आहेस?"

"पाच."

तू हात पँटला पुसलेस आणि म्हणालास, "सात होते."

चुकलेला पाढा दुरुस्त करताना म्हणायचास तसं. आवाज न चढवता, नजर दुसरीकडे. तेवढ्यात काका आले आणि तुम्ही गेलात.

तेव्हापासून मला चैन नाही. पाचच्या पाच मला तारखेनिशी आठवतात. चौथा वर आला तेव्हा कुणीतरी रेडिओ बंद केला, हेसुद्धा आठवतं. मग ते दोन कुठले? आणि तुला कसे आठवतात? आपल्या नियमात त्यांना आकडाच नाही.

तू मला का सांगितलंस, दादा? मला गप्प करायला असेल तर पद्धत उलटी झाली. आता मी पाच म्हणाले तर ते ठाऊक असून म्हटलेलं खोटं. सात म्हणाले तर पहिला प्रश्न येणार, दोन कुणी मोजले? माझ्या दुरुस्तीच्या पत्रात तुझ्यावर काही नव्हतं. कप्तानाने न वाचता सही केली, असंच मी लिहिलं होतं, तुझ्याच शब्दांत. तुझा परवाना वाचला असता. सातमध्ये तू येतोस.

मी सात सांगणार आहे. नको असेल तर कळव. वीस तारखेपर्यंत दहा दिवस आहेत.

बारकी


२१ मार्च

दादा,

तू कळवलं नाहीस. काल शेवटच्या रांगेत खांबाआड बसला होतास. मला तुझ्या चपला दिसत होत्या.

सोसायटीचा वकील फार सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "एकशे बारा फॉर्मांपैकी काहींत खोटं लिहिलंत?"

"हो."

"आता खरं सांगताय?"

"हो."

"यातलं सवयीचं कुठलं?"

लोक हसले. हसणं ओळखीचं होतं. तुझ्या बोटीवरचे दोघे तिथे होते.

"अर्जात पाच आहे, तोंडी सात सांगताय. आणखी आठ दिवसांनी किती होतील?"

मी म्हणाले, "पाच मी पाहिले. दोन मला कप्तानाने सांगितले."

सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी तुला उभं केलं. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. म्हणालास, "मला काही आठवत नाही."

"फॉर्मवर सही तुमची आहे. वाचला होतात?"

"मी शिकलेला माणूस नाही, साहेब."

हे ऐकून मी काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. एकोणिसाचा पाढा उलटा म्हणता येईपर्यंत मला धक्क्यावरून उठू न देणारा माणूस उभा राहून सांगतो, मी शिकलेला नाही. आणि सगळी सभा माना हलवते. "आठवत नाही" हा चांगला शब्द आहे, दादा. माझ्या शून्यापेक्षा कितीतरी चांगला. त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही आणि त्याची दुरुस्ती मागायला कुणी येत नाही.

तू बसल्यावर लगेच निघून गेलास, म्हणून पुढचं सांगते. वकिलाने डॉक्टरबाईंची मढी तपासल्याची वही मागून घेतली. पानं उलटत विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

माझं. आठ महिन्यांची सगळी पानं माझी. फेस, नायलॉनच्या रेघा, दूध, सगळं माझ्या वळणदार अक्षरात.

त्याने माझा एक जुना फॉर्म आणि ती वही शेजारी शेजारी ठेवली. "हात एकच," म्हणाला. "मग यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, ते समितीनेच सांगावं." आणि बसला. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी एवढी घाबरट, दाराची कडी दोनदा तपासणारी, आणि मला हे एकदाही सुचलं नाही की मी खरं सांगितलं की बाईंची वहीसुद्धा खोटी होईल. निर्णय एक महिना पुढे गेलाय. माझ्या हातचा नसलेला पुरावा आणा, असं समितीने बाईंना सांगितलं. खात्याने माझं नाव निरीक्षकांच्या यादीतून काढलं. हेडक्लार्कांनी पत्र हातात देताना मान खाली घातली होती.

परतताना बाई गाडी चालवत होत्या. सिग्नलला म्हणाल्या, "तू वही लिहायला नको होतीस. मी तुला द्यायलाही नको होती." मग गिअर टाकत म्हणाल्या, "उद्यापासून वहीला हात लावू नकोस. टेबल धुवायला ये."

आज धुतलं. उद्याही जाईन.

तू सुखरूप आहेस, परवाना शाबूत आहे. पिल्लांचे महिने पुढच्या महिन्याच्या अखेरीपासून सुरू होतात. तेवढ्यात जाळी दुरुस्त करून घे.


१७ एप्रिल

दादा,

तुझा लिफाफा काल मिळाला. आत पत्र नाही. मी लिफाफा फाडून उलगडून पाहिला, आतल्या बाजूलाही काही लिहिलेलं नाही.

पानं चार. पट्टीने आखलेली, डावीकडे दोन बोटं समास. मला वही आखायला शिकवलंस तशीच. तारीख, जागा, खोली, नर की मादी की लहान, शेरा. पहिली ओळ बाबा गेल्यानंतरच्या चौथ्या महिन्यातली. तेव्हा तू अठराचा होतास. शेवटची, माझ्या दुसऱ्या हंगामातली. मधली अठरा वर्षं.

अडतीस ओळी आहेत. मी चार वेळा मोजल्या.

"लहान" असं अकरा ठिकाणी आहे. एका शेऱ्यात म्हटलंय : "आई मेली. पिल्लू जिवंत, मोकळं. बोटीमागे धक्क्यापर्यंत आलं." पुढे काही नाही. त्या दिवशी तू घरी येऊन काय केलंस? आठ वर्षांच्या मला धरून बसवून भागाकार घातले असशील. ज्या वर्षी तू माझी पाटी पुसलीस, त्या वर्षाच्या चार ओळी आहेत. म्हणजे सकाळी मला सांगायचास, गेलेलं मोजायचं नाही, आणि स्वतः कुठेतरी बसून मोजायचास. कुठे लिहायचास? कशावर? वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत. चार दिवस माळ्यावर चढून भरती-ओहोटीची जुनी पुस्तकं काढत होते. मला वाटलं रद्दीत घालणार."

माझे ते दोन सापडले. शेवटच्या सात ओळींतल्या एकीला शेरा आहे, "ती आत, उलट्या." बरोबर, तो दिवस आठवतो. दुसरीला आहे, "ती फॉर्म लिहीत होती. सांगितलं नाही."

हे वाचून मी दिवसभर तुझ्यावर चिडले होते, आणि अजून आहे. हे तू वीस मार्चला म्हणू शकला असतास. अडतीस नाही, नुसतं एक "हो" पुरलं असतं. मी तिथे उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

पानं डॉक्टरबाईंना दाखवली. त्या उभ्याने वाचायला लागल्या आणि दुसऱ्या पानावर बसल्या. त्यांच्या जुन्या मोजण्या काढून त्यांनी तारखा लावून पाहिल्या. कुठल्या वर्षी कुठली मादी दिसेनाशी झाली ते त्यांच्याकडे परांच्या फोटोंवरून आहे. नऊ ठिकाणी तुझी ओळ आणि त्यांचा फोटो जुळतो. खाडीत आज तीस उरलेत. तुझी यादी अडतीसांची. एका बोटीची.

सगळं वाचून त्या म्हणाल्या, "सही कुठाय?"

सही नाही. चौथ्या पानाखाली तू रेघ मारलीस, सहीपुरती जागा सोडलीस आणि थांबलास. नाव नाही, बोटीचा नंबर नाही. असा कागद वकील हातात घेऊन त्याची होडी करील. किंवा म्हणेल, बहिणीनेच बसून लिहिलाय, अक्षर बघा, वळण एकच. आणि वळण एकच आहे.

सही केलीस तर काय होईल ते लपवत नाही. परवाना जाईल. किती दिवसांसाठी, हे हेडक्लार्कांना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही, पण थोडक्यात भागणार नाही म्हणाले. भोंगाकाका तुझी बोट धक्क्याला लागू देणार नाहीत. वहिनी माझ्याशी बोलेल की नाही माहीत नाही. सही केली नाहीस तर खाडीचं तोंड उघडं राहील, आणि बाईंच्या गणिताने दहा-बारा वर्षांनी मोजायला कुणी लागणार नाही. तुझ्या यादीलाही पुढे ओळी लागणार नाहीत. हे तुला माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक असणार, तुझ्याकडे आकडे होते.

आणखी एक लिहायचं आहे. तुझी सही मला येते. दहाव्या वर्षी शाळेत घातलंस तेव्हा तू समुद्रावर असायचास आणि प्रगतिपुस्तकावर मीच करायचे. तुलासुद्धा ओळखू यायची नाही. काल दुपारी मी पेन घेतलं होतं. टोक कागदाला टेकवलंही, एक ठिपका पडलाय, तो तुला दिसेल. हे सांगते, कारण नाहीतर तू माझ्याबद्दल उगाच काही चांगलं समजशील. एका खोट्याने ते मेले, दुसऱ्याने वाचत असतील तर काय हरकत आहे, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि मला ते जवळजवळ पटलं होतं. मग पेन टोपण लावून बाईंच्या खोलीत ठेवून आले.

तुझी सही मी करणार नाही.

समिती सोमवारी बसणार आहे. पानं माझ्या पिशवीत असतील. तू आलास तर बाईंच्या समोर सही कर, माझ्या समोर नको. नाही आलास तर मी ती तशीच पुढे ठेवीन आणि कुणी लिहिली विचारलं तर तुझं नाव सांगेन. तू पुन्हा म्हणशील, आठवत नाही. म्हण.

वेळ अकराची आहे. साडेनऊची बस पुलावर अडकते. आठची पकड.

बारकी